तिरपे चिलखत आणि आहार्य ज्ञान

युद्धखेळात रणगाड्याचे चिलखत एका संख्येच्या रूपाने वावरते, आणि ती संख्या लिहिणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते की संगणकाच्या पडद्यावर किंवा नकाशाच्या षट्कोनी घरात पोलादाचा कणही नाही. हे ठाऊक असूनही तो त्या संख्येवर जाडी, कठीणपणा आणि तिरकेपणा यांचा आरोप करतो, तिच्या दिशेने एक कल्पित गोळा सोडतो आणि त्यातून निघालेल्या निष्कर्षाला काही ज्ञानमूल्य आहे असे मानतो. न्यायदर्शनाच्या परंपरेत अशा ज्ञानासाठी नेमकी संज्ञा आहे. वस्तुस्थिती उलट आहे असा निश्चय असताना केवळ इच्छेच्या बळावर जे ज्ञान मुद्दाम उत्पन्न केले जाते, त्याला नैयायिक ‘आहार्य ज्ञान’ म्हणतात. दोरीला साप समजून दचकणाऱ्याचे ज्ञान हा भ्रम होय, परंतु दोरी आहे हे जाणून ‘हा साप आहे असे घटकाभर धरू’ म्हणणाऱ्याचे ज्ञान आहार्य होय, कारण पहिल्याच्या मुळाशी इंद्रियांचा किंवा प्रकाशाचा दोष असतो आणि दुसऱ्याच्या मुळाशी धरणाऱ्याची इच्छा असते. तिरप्या चिलखताचे गणित हे अशा ज्ञानाचे आधुनिक काळातील अत्यंत काळजीपूर्वक घडवलेले उदाहरण आहे, आणि त्याच्या आधारे जेव्हा जिवंत माणसांना आगीत पाठवण्याचे बेत ठरतात, तेव्हा इच्छेने केलेल्या त्या आरोपाचे दायित्व कोणाकडे जाते, हा प्रश्न तंत्रज्ञांइतकाच धर्मचिंतकांनीही विचारला पाहिजे. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांना तो प्रश्न परका नाही, कारण एका जिल्ह्यात उदगीरचे रणांगण आहे आणि दुसऱ्यात, ज्याच्या शस्त्रांना आजही स्नान घातले जाते, असे शिखांचे तख्त आहे.

गणिताचा पाया सोपा आहे. पोलादी प्लेट उभी असेल आणि गोळा तिच्यावर लंबरूप आदळला, तर त्याला प्लेटच्या जाडीएवढेच पोलाद कापावे लागते. तीच प्लेट मागे कलवली, तर गोळ्याच्या मार्गात येणारे पोलाद वाढते, आणि ते किती वाढले हे मूळ जाडीला कोनाच्या कोज्येने, म्हणजे कोसाइनने, भागून मिळते. हा कोन गोळ्याचा मार्ग आणि प्लेटवर काढलेला लंब यांच्यामध्ये मोजतात. दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत टी-३४ रणगाड्याची पुढची प्लेट ४५ मिलिमीटर जाडीची आणि उभ्या रेषेपासून ६० अंश कललेली होती. ६० अंशांची कोज्या अर्धी असल्यामुळे समोरून सपाट मार्गाने येणाऱ्या गोळ्याला ९० मिलिमीटर पोलाद पार करावे लागे. अमेरिकी शर्मनच्या सुरुवातीच्या प्रकारांत ५१ मिलिमीटरची प्लेट ५६ अंशांवर होती आणि तिचा हिशेब सुमारे ९१ मिलिमीटर येतो. या वाढीव अंतराला दृष्टिरेषेतील जाडी असे म्हणता येईल. गोळा नेमका समोरून न येता ३० अंश बाजूने आला, तर प्लेटचा कल आणि बाजूचा कोन या दोहोंच्या कोज्यांच्या गुणाकाराने जाडीला भागावे लागते, आणि टी-३४ ची तीच ४५ मिलिमीटरची प्लेट गोळ्यासाठी सुमारे १०४ मिलिमीटरची होते. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणीत ज्या आणि कोटिज्या यांची जी नाती ग्रहांच्या गतीसाठी वापरली, तीच येथे पोलाद आणि मृत्यू यांच्या मोजणीला लावलेली आहेत.

तिरकेपणाचे हे ज्ञान रणगाड्यांहून बरेच जुने आहे. औसा आणि उदगीर येथील भुईकोट किल्ल्यांचे गोल बुरूज पाहिले, तर लक्षात येते की गोलाकार पृष्ठभागावर आडव्या मार्गाने येणारा तोफगोळा एका उभ्या रेषेवरच लंबरूप आदळू शकतो. त्या रेषेच्या उजवीकडे आणि डावीकडे प्रत्येक आघात तिरपा होत जातो, आणि कडेला तो केवळ दगड खरवडून निघून जातो. बुरूज बांधणाऱ्या गवंड्यांकडे कोज्येची सारणी नव्हती, पण आघात कोणत्या दिशेने घ्यावा याचे व्यवहारज्ञान होते, आणि बुरुजाबाहेर दुसरा बुरूज घालून त्याला चिलखती करण्याची रीतही महाराष्ट्राच्या दुर्गबांधणीत होती.

परंतु केवळ भूमितीवर थांबणारे प्रतिमान, म्हणजे वास्तवाची जागा घेणारी गणिती मांडणी, लवकरच अडचणीत येते. तिरप्या प्लेटवर आदळलेल्या गोळ्याच्या टोकावर सर्व बाजूंनी सारखा दाब येत नाही. त्यामुळे गोळा वळतो, त्याच्या वेगाचा काही भाग प्लेटच्या पृष्ठभागाला समांतर वाहून जातो, कधी गोळा फुटतो आणि कधी घसरून निसटतो. म्हणून ६० अंश कललेल्या प्लेटचा प्रत्यक्ष प्रतिकार अनेकदा दुपटीहूनही अधिक भरतो. याउलट गोळ्याचा व्यास प्लेटच्या जाडीपेक्षा बराच मोठा असेल, तर गोळ्याखालची प्लेट वाकून, खचून एकदम तुटते आणि कलाचा फायदा उणावतो. ४५ मिलिमीटरच्या त्याच प्लेटसमोर जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ आली, तेव्हा हेच घडले. गोळ्याच्या टोकावर मऊ धातूची टोपी बसवली की तो तिरप्या पृष्ठभागाला अधिक चांगला चावतो. आजचा बाणासारखा लांब व बारीक भेदक, जो सेकंदाला दीड हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेगाने जातो, तो तर फार मोठा कोन असल्याशिवाय घसरतच नाही, आणि त्याच्या बाबतीत कलाचा लाभ बहुतांशी दृष्टिरेषेतील जाडीपुरताच उरतो. लॉरिन बर्ड आणि रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांनी २००१ साली दुसऱ्या महायुद्धातील चिलखत आणि तोफांविषयी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जाडी व व्यास यांच्या गुणोत्तरानुसार कलाचे गुणक मांडले आहेत, आणि युद्धखेळ रचणाऱ्यांत त्या ग्रंथाला मान आहे.

नव्यन्यायात ज्याला ‘उपाधी’ म्हणतात, ती येथे ओळखीच्या रूपात समोर येते. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे विधान चुकीचे आहे, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. धूर यायला ओले इंधन लागते. ओले इंधन ही येथे उपाधी आहे, म्हणजे अशी अट की जी साध्य, म्हणजे येथे धूर, असेल तिथे नेहमी असते, पण साधन, म्हणजे येथे अग्नी, असेल तिथे नेहमी असतेच असे नाही. ती लपून राहिली की अनुमान वरवर निर्दोष दिसते आणि आतून पोकळ असते. ‘जिथे कल तिथे वाढीव प्रतिकार’ या विधानाची स्थिती अशीच आहे. गोळ्याच्या व्यासाच्या मानाने प्लेटची पुरेशी जाडी, गोळ्याच्या टोकाची घडण आणि पोलादाचा चिवटपणा या त्याच्या उपाधी होत. प्रतिमानात त्या उघडपणे लिहिल्या असतील, तर संख्या काही सांगते. एका गुणकात विरघळवून टाकल्या असतील, तर संख्या बोलत राहते, पण कोणत्या अटीवर बोलते हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

आणि विरघळवणे हा तर युद्धखेळाचा व्यवसायच आहे. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी घडवलेल्या आणि १८२४ साली सैन्यात रूढ झालेल्या ‘क्रीगश्पील’पासून, म्हणजे नकाशावरील युद्धखेळापासून, ही रीत चालत आली आहे. १९७० साली निघालेल्या जेम्स डनिगन यांच्या ‘पॅन्झरब्लिट्झ’ या पटावरील खेळात रणगाड्यांच्या सोंगटीवर हल्ल्याचा, पल्ल्याचा, बचावाचा आणि चालीचा असे मोजके आकडे छापलेले असत, आणि टी-३४ चा कल त्या बचावाच्या एका आकड्यात कायमचा गाडलेला असे. २००० साली आलेल्या ‘कॉम्बॅट मिशन’सारख्या संगणकीय खेळांनी तो पुन्हा उकरून काढला; त्यांत समोरच्या, बाजूच्या आणि मागच्या प्लेटची जाडी व कल वेगवेगळा ठेवून प्रत्येक गोळ्याचा आघातकोन नव्याने काढला जातो. अभियांत्रिकी कामासाठीची प्रतिमाने याहून खोल जातात आणि रणगाड्याच्या त्रिमितीय आराखड्यातून हजारो काल्पनिक रेषा आरपार सोडून प्रत्येक रेषेवर काय काय येते याची नोंद करतात. मात्र सेनापतींच्या टेबलावर जे मोठे प्रतिमान येते, त्याचा पाया अनेकदा फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ च्या आपल्या पुस्तकात मांडलेल्या समीकरणांसारखा असतो: एका पक्षाच्या हानीचा वेग दुसऱ्या पक्षाच्या संख्येच्या आणि त्याच्या मारक्षमतेच्या प्रमाणात असतो. तिथे कल नाही, प्लेट नाही, रणगाडाही जवळजवळ नाही. आहे तो एक सहगुणक. जो जितका मोठा निर्णय घेतो, त्याच्यापुढे तितक्या अधिक उपाधी झाकलेल्या असतात, ही या व्यवस्थेची रचनाच आहे, आणि तिच्यात कोणाचा कपटी हेतू शोधण्याची गरज नाही.

प्रतिमानातील यदृच्छेविषयीही थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. चिलखतशास्त्रात एखाद्या प्लेटची मर्यादा सांगताना असा वेग सांगतात की ज्या वेगाने सोडलेल्या गोळ्यांपैकी निम्मे आरपार जातात आणि निम्मे अडतात. म्हणून युद्धखेळात प्रत्येक आघाताला एक यादृच्छिक संख्या काढून निकाल ठरवला जातो. यावरून जगात निष्कारण काही घडते असा अर्थ काढणे बरोबर होणार नाही. न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात, काट्याचे टोक जसे निमित्तावाचून तीक्ष्ण असते तसे पदार्थ निमित्तावाचून उत्पन्न होतात, या मताची चर्चा करून ते अमान्य केले आहे, आणि चिलखतालाही तोच न्याय लागतो: प्रत्येक प्लेटच्या ओतकामात, प्रत्येक गोळ्याच्या कठीणपणात आणि आदळण्याच्या क्षणी झालेल्या किंचित डगमगीत कारणे असतातच. संगणकाची यादृच्छिक संख्यासुद्धा एका आरंभसंख्येवरून ठरलेल्या नियमाने निघते. यदृच्छा म्हणजे येथे अज्ञात कारणांसाठी राखून ठेवलेली जागा, आणि ती प्रामाणिकपणे राखलेली असेल तर प्रतिमानातील सर्वांत सत्यनिष्ठ जागा तीच म्हणावी लागेल.

हे सगळे प्रत्यक्षावर घासून पाहण्याची संधी सप्टेंबर १९६५ मध्ये, भारत-पाकिस्तान युद्धात, पंजाबातील असल उत्तर येथील रणगाड्यांच्या लढाईत आली. त्या लढाईत भारताच्या बाजूने लढलेल्या रेजिमेंटांपैकी डेक्कन हॉर्स हिचे मूळ हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळात, म्हणजे निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेत आहे, आणि त्या फौजेच्या छावण्या मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई व हिंगोली येथे, लातूर आणि नांदेडच्या उंबरठ्यावर, होत्या. १९६५ मध्ये तिचे नेतृत्व मूळच्या अलिबागच्या लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य यांच्याकडे होते; पुढे ते भूदलप्रमुख झाले. त्यांच्या रेजिमेंटकडे महायुद्धातील शर्मन होते, आणि समोर पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे पॅटन रणगाडे होते. एम-४८ पॅटनची पुढची प्लेट ११० मिलिमीटर जाडीची आणि ६० अंश कललेली, म्हणजे समोरून २२० मिलिमीटरची, आणि ३० अंश बाजूने येणाऱ्या गोळ्यासाठी सुमारे २५४ मिलिमीटरची होती. शर्मनच्या तोफेने ती भेदण्याची आशा करणे व्यर्थ होते. ज्या प्रतिमानात केवळ समोरच्या चिलखताचा आकडा आणि तोफेचा आकडा आहे, त्याने या लढाईचा निकाल लढाईआधीच आणि चुकीचा लिहून ठेवला असता.

घडले ते असे की भारतीय फळी घोड्याच्या नालाच्या आकारात मागे वळवली गेली, शेतांत पाणी सोडून जमीन चिखल केली गेली, आणि उंच उसात शिरलेले पॅटन आपली बाजू दाखवत, मंद गतीने, समोरचे काही न दिसता पुढे येत राहिले. ऊस पुरुषभर वाढला की त्यात उभ्या माणसाला बांध दिसत नाही, हे लातूरच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. रणगाड्याच्या दुर्बिणीचीही तीच गत झाली. चौथ्या ग्रेनेडिअर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने अनेक रणगाडे टिपले आणि १० सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, आणि वैद्य यांना महावीरचक्र. भारतीय नोंदींनुसार पाकिस्तानने या भागात ९७ रणगाडे गमावले. येथे ६० अंशांचा कल खोटा ठरला नाही. तो जिथे होता तिथे त्याने आपले काम केलेच असते; परंतु ‘गोळा समोरूनच येईल’ ही त्याची उपाधी होती, आणि ती उपाधी चिखलाने, उसाने आणि थांबून वाट पाहणाऱ्या माणसांच्या धीराने काढून घेतली.

एका रणांगणावरील यश दुसऱ्या रणांगणावर नेताना उपाधी कशी मागे राहून जाते, याचे मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत वेदनादायक उदाहरण लातूर जिल्ह्यातच सुरू होते. फेब्रुवारी १७६० च्या आरंभी उदगीर आणि औसा यांच्या परिसरात सदाशिवरावभाऊंच्या फौजेने सलाबतजंग आणि निजामअली यांच्या सैन्याला कोंडले. मराठी घोडदळाने निजामाची रसद आणि वाटा तोडल्या, आणि पूर्वी निजामाच्याच पदरी असलेल्या इब्राहिमखान गारदी याच्या कवायती पलटणींनी व तोफांनी त्या कोंडलेल्या सैन्यावर मारा केला. तहात सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि महत्त्वाचे किल्ले पेशव्यांकडे आले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत पडदूरच्या म्हणजे परतूरच्या मुक्कामी उत्तरेच्या मोहिमेसाठी भाऊंची निवड झाली आणि गारद्यांचा तोफखाना त्यांच्याबरोबर निघाला. उदगीरहून निघालेला निष्कर्ष असा होता की कवायती पायदळ आणि जड तोफा जिथे असतील तिथे विजय मिळतो. पण उदगीरला कोंडलेला शत्रू होता आणि कोंडणारे मराठे होते. मुलूख ओळखीचा, धान्य जवळचे, आणि शत्रूच स्वतःच्या सामानाच्या ओझ्याने जखडलेला होता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तोफा त्याच होत्या आणि त्यांनी सकाळी शत्रूपक्षातील रोहिल्यांची दाणादाणही उडवली, परंतु या वेळी कोंडले गेले होते ते मराठे, आणि उपाशी होते तेही मराठेच. गारद्यांच्या शौर्यात किंवा भाऊंच्या धैर्यात तिथे काही उणे नव्हते. उदगीरच्या व्याप्तीत, म्हणजे साधन आणि साध्य यांच्या नित्य साहचर्याच्या नियमात, लपलेली अट तपासली गेली नव्हती, आणि एका पिढीने तिची किंमत मोजली.

मग युद्धखेळाचे ज्ञानशास्त्रीय स्थान कोणते? न्यायपरंपरेत ‘असे असते तर तसे झाले असते’ या विचाराला तर्क म्हणतात, आणि तर्काचे स्थान तिथे फार विचारपूर्वक ठरवले आहे. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात संशय आणि विपर्यय यांच्याबरोबर तर्काचीही गणना अयथार्थ अनुभवात केली आहे, कारण त्यात नसलेल्या गोष्टीचा आरोप असतो. तरीही प्रमाणाला, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनाला, साहाय्य करणारा म्हणून त्याचा आदर केला जातो. एकाच वेळी अयथार्थ आणि आदरणीय ठरवण्याचे हे धैर्य आजच्या तज्ज्ञांत क्वचित दिसते. ते एक तर प्रतिमानाला वास्तवाचे चित्र म्हणून डोक्यावर घेतात, किंवा खेळ म्हणून उडवून लावतात. नव्यनैयायिकांनी आणखी एक बारकावा नोंदवला आहे: आहार्य ज्ञानाला प्रतिबंधक सामर्थ्य नसते, म्हणजे विरुद्ध असे खरे ज्ञान उत्पन्न होण्याला ते अडवू शकत नाही. दोरीला साप ‘धरणारा’ माणूस कोणत्याही क्षणी दोरी पाहू शकतो. यावरून पुढचे पाऊल असे टाकता येते की ज्याच्या मनात युद्धखेळाचा निष्कर्ष रणांगणावरून आलेल्या विरुद्ध बातमीला अडवू लागला, त्याच्या मनात ते ज्ञान आहार्य राहिलेले नाही, ते नकळत भ्रम झाले आहे. आहार्यतेची खूण म्हणजे मागे घेण्याची तयारी.

वेदान्ताने हीच गोष्ट अध्यारोप आणि अपवाद या जोडीने सांगितली: आधी मुद्दाम आरोप करायचा आणि शिष्याला जे दाखवायचे ते दाखवून झाले की तो काढून घ्यायचा. परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, हा ज्यांच्या विवेकसिंधूचा काळ मानला आहे, त्या अंबाजोगाईच्या मुकुंदराजांनी वेदान्तविचार मराठीत आणला तेव्हापासून मराठवाड्याला आरोप आणि निरास यांची ही भाषा परिचयाची आहे. युद्धखेळाच्या व्यवसायात अध्यारोपावर अपार श्रम खर्च होतात. अपवाद मात्र खेळानंतरच्या चर्चेत घाईने उरकला जातो. तो नीट करायचा तर प्रमाणाकडे जावे लागते, आणि चिलखताच्या बाबतीत प्रमाण म्हणजे खरा गोळा आणि खरी प्लेट: अहिल्यानगरजवळच्या खारे कर्जुने येथील फायरिंग रेंजसारख्या ठिकाणी, जिथे रणगाडादळाचे जवान खरे गोळे डागतात, किंवा ओडिशातील चांदीपूरच्या चाचणीकेंद्रात जे दिसते ते.

इथवरचा विचार ज्ञानाविषयी झाला. धर्माचा प्रश्न याच्या पुढे आहे, आणि त्यासाठी नांदेडला जावे लागते. गुरू गोविंदसिंहजींनी १७०८ मध्ये गोदावरीच्या काठी या गावी देह ठेवला. तिथे महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३० च्या दशकात, सचखंड श्री हजूर साहिबची आजची वास्तू उभी राहिली, आणि गुरूंच्या परंपरेतील शस्त्रे तिथे जतन केलेली आहेत. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाच्या वेळी गोदावरीचे पाणी आणून तख्ताची आणि त्या शस्त्रांची स्वच्छता केली जाते. शस्त्र येथे एका विशिष्ट व्यक्तीचे आहे, ते एका विशिष्ट हाताने पेलले होते, आणि ते पेलणाऱ्याने ते कधी उचलावे याचा नियमही सांगून ठेवला आहे: औरंगजेबाला लिहिलेल्या फारसी जफरनाम्यात गुरूंनी असे प्रतिपादन केले की इतर सर्व उपाय संपल्यावरच तलवारीला हात घालणे धर्म्य ठरते. या दृष्टीने पाहिले, तर युद्धखेळातील चिलखत आणि तोफ यांच्यात जे गळते ते पोलादाचे गुणधर्म नव्हेत; ते तर चौथ्या दशांशापर्यंत सांभाळलेले असतात. गळतो तो शस्त्राचा धारक, आणि धारकाबरोबर त्याचा धर्म.

गळतो तो शत्रूही. प्रतिमानात ‘रणगाडा नष्ट’ अशी ओळ उमटते. खऱ्या शर्मनमध्ये पाच माणसे असत आणि एम-४८ पॅटनमध्ये चार, आणि ‘नष्ट’ या शब्दात त्यांचे भाजणे, गुदमरणे, झाकण उघडून बाहेर पडण्याची धडपड हे सगळे येते. शीख परंपरेत आनंदपूरच्या लढायांतील भाई कन्हैया यांची कथा सांगितली जाते. ते जखमींना पाणी पाजत आणि त्यात आपला कोण, परका कोण हे पाहत नसत. शत्रूलाही पाणी पाजल्याची तक्रार गुरूंपुढे गेली, तेव्हा आपल्याला प्रत्येक मुखात गुरूच दिसतात असे त्यांनी सांगितले, आणि गुरूंनी त्यांना पाण्याबरोबर मलमही दिले. या कथेचे महत्त्व केवळ दयेत नाही. ज्या गुरूंनी तलवार उचलण्याला धर्म्य म्हटले, त्यांनीच शत्रूच्या तहानेला रणांगणावर जागा दिली, म्हणजे लढण्याचा निर्णय आणि लढण्याचे दुःख हे दोन्ही एकाच दृष्टीत धरले. प्रतिमान हे दोन्ही एकत्र धरू शकत नाही, आणि त्याला तसे धरता यावे अशी मागणी करणेही योग्य नाही.

तशी मागणी केली जाते खरी. अनेक युद्धखेळांत आता सैनिकांचे मनोधैर्य, थकवा आणि भीती यांचेही आकडे असतात, आणि त्यामुळे प्रतिमान अधिक मानवी झाले असे म्हटले जाते. हे म्हणणे मान्य करता येत नाही. भीतीचा आकडा हा रणगाडा किती वेळात माघार घेईल हे ठरवण्यासाठी असतो. तो भिणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला नसतो, तर त्याच्याकडून काम करून घेणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला असतो, आणि म्हणून तोही कलाच्या गुणकासारखाच एक आरोप आहे. आरोप वाढवून दुःखाचे ज्ञान होत नाही. करता येते ते एवढेच, आणि ते थोडे नाही: कोणते आरोप केले, कोणत्या उपाधी धरल्या, काय वगळले आणि हे कोणी ठरवले, याची नोंद निष्कर्षाबरोबर वरपर्यंत जायला हवी. आहार्य ज्ञान इच्छेने उत्पन्न होते, म्हणून ते ‘आले’ असे कोणालाच म्हणता येत नाही. ते नेहमी कोणीतरी आणलेले असते. भ्रमात सापडलेल्याला क्षमा मागता येते, कारण त्याची इंद्रिये फसली. इच्छेने आरोप करणाऱ्याला, आणि त्या आरोपाच्या फळावर आदेश काढणाऱ्याला, ‘आकड्यांनी असे सांगितले’ हे उत्तर उपलब्ध नाही.

एक शंका तरीही उरते. आजची प्रतिमाने स्वतःच हजारो वेळा फिरून, आपले गुणक आपणच सुधारून, माणसाने न लिहिलेल्या उपाधी धरू लागली आहेत. मग ती इच्छा कोणाची, आणि दायित्व यंत्राचे का नव्हे? न्यायसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही आत्म्याची लिंगे, म्हणजे तो आहे हे ओळखण्याच्या खुणा, म्हणून एकत्र सांगितली आहेत. गुणक सुधारणाऱ्या यंत्राला जिंकण्याचे उद्दिष्ट दिलेले असते, पण ते उद्दिष्ट त्याला हवे नसते. ते देणाऱ्याला हवे असते, आणि म्हणून गुणक कितीही वेळा बदलला तरी इच्छा देणाऱ्याकडेच राहते. ज्या सूत्रावरून यंत्रात इच्छा नाही असे म्हणायचे, त्याच सूत्रावरून त्याच्यात दुःखही नाही असे म्हणावे लागते. आणि उसात अडकलेल्या पॅटनमधील चौघांकडे, तसेच त्यांच्यावर नेम धरून बसलेल्या शर्मनमधील पाचांकडे, ही सहाही लिंगे होती.